बाळ निघाले मामाच्या गोठ्यावर

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली आणि वैभववाडी मुंबईच्या माहेरवाशिणींना जवळची झाली. करूळ घाटाखाली मामाचा गोठा, त्यात बुटक्या बांध्याच्या कोकण कपिला गाई, आणि आपल्या कडेवर आठ महिन्यांचे बाळ!

धार काढता काढताच आजी हाक घालते, “गो चेडवा, पोराक वायच धारोष्ण दूध दी. तुम्ही ह्याच दुधार वाढलात!”

माया खरी, पण येथे आईने गोड शब्दांत नाही म्हणावेच. निरशा दुधातून क्षय आणि ब्रुसेल्लाचा ताप माणसाला होऊ शकतो. उकळलेले गाईचे दूधही वर्ष पुरे होईपर्यंत आईच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही. त्यात लोह फारच थोडे. मधाचे बोटसुद्धा वाढदिवसानंतरच. मधातले जंतू तान्ह्याच्या आतड्यात विष तयार करतात, आणि ते जिवावर बेतू शकते.

आजीचा हिरमोड होऊ देऊ नये. तिला नाचणीचे सत्त्व काढायला सांगा. त्यात तिचा हात कोण धरील? वासराच्या पाठीवरून बाळाचा हात खुशाल फिरवा, मग साबणाने धुवा. निरसे दूध तापवून बाबांच्या चहात जाऊ दे!