सीनाकाठचे दुकान आणि निळी रेषा

नगर-सोलापूर रस्त्यावरील मिरजगावच्या पेठेत पावसाविषयी बोलणे निघते ते बहुधा तो न पडल्याचे. कर्जत तालुका पर्जन्यछायेतला. गावाजवळ निमगाव गांगर्डा येथे सीनेवर मध्यम प्रकल्पाचे धरण आहे. तेही कित्येक वर्षी स्वतःच्या पाणलोटावर भरत नाही आणि भोसे खिंडीतून येणाऱ्या कुकडीच्या पाण्याची वाट पाहावी लागते. अशा नदीची धास्ती कोणी बाळगावी?

सप्टेंबर 2025 च्या उत्तरार्धात सीनेनेच याचे उत्तर दिले. खाली करमाळा, माढा व मोहोळ तालुक्यांतील काठची गावे पाण्याने वेढली गेली. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्गावरील वाहतूक थांबवावी लागली. दिवाळी महिन्यावर आली होती. व्यापाऱ्याची गोदामे वर्षातून सर्वाधिक भरलेली असतात ती याच दिवसांत.

मिरजगावसारख्या गावांतील व्यापारी घराण्यांची पुढची पिढी नगर, पुणे, सोलापूरला स्थिरावत आली आहे. अहिल्यानगर शहर 1490 मध्ये वसले ते याच सीनेच्या डाव्या काठी. वर्षातील आठ-नऊ महिने तेथील पात्र इतके केविलवाणे दिसते की नदीला नाला म्हणण्याची जिभेला सवय होते. आणि नाल्याकाठची जागा घेताना माणूस नदीकाठाइतका विचार करीत नाही. दर चौरस फुटामागे चार पैसे कमी पडतात, रस्ताही रुंद असतो; व्यवहार होऊन जातो.

जागा घेताना दोन रेषांची चौकशी अवश्य करावी. जलसंपदा विभाग नदीकाठी पूररेषा आखतो. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी व निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध, निळ्या व लाल रेषांमधील पट्टा नियंत्रित. येथे एक गैरसमज फार रूढ आहे. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ याचा अर्थ पूर येऊन गेला की पुढची चोवीस वर्षे निर्धास्त, असा मुळीच नाही. दर वर्षी शंभरात चार, एवढीच ती शक्यता. पण ती दर वर्षी नव्याने उभी राहते. वीस वर्षांच्या कर्जावर घेतलेला गाळा निळ्या रेषेवर असेल, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता सुमारे 56 टक्के येते. लाल रेषेवरही ती 18 टक्के आहे. चक्रवाढ व्याज तोंडी करणाऱ्या समाजाला हे गणित अवघड नाही. ते कोणी मांडून दाखवीत नाही, इतकेच.

सांगलीच्या व्यापाऱ्याला मात्र हा हिशेब अनुभवाने पाठ झाला आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 फुटांवर धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर पोहोचले. तेव्हापासून पुलावरचा आकडा तिकडे बाजारभावासारखा विचारला जातो, आणि त्यानुसार माल वरच्या मजल्यावर हलतो.

विम्याची बाब याहून नाजूक. कॅश क्रेडिट असेल तर तारण मालाचा विमा बँक उतरवून घेते, हप्ता खात्यातून परस्पर जातो, आणि पॉलिसीचा कागद फाइलमध्ये न वाचता राहतो. त्यावर जुन्या गोदामाचा पत्ता असतो. नवे गोदाम नदीकडे घेतलेले असते. विमा पत्त्यावरील मालाचा असतो, मालकाच्या सर्व मालाचा नव्हे. दुसरी चूक रकमेची. माल 40 लाखांचा, विमा 20 लाखांचा, नुकसान 10 लाखांचे. मालकाची अपेक्षा 10 लाखांची. सरासरीच्या कलमानुसार हाती येतात पाच. एप्रिल 2021 पासून आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतचा कमी विमा माफ आहे, पण निम्म्या विम्याला त्याचा उपयोग नाही. तळघरातील माल पॉलिसीत धरला आहे का, हेही विमा उतरवितानाच लेखी विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जाणत्या दुकानदारांच्याही ध्यानात येत नाही. पुरात नष्ट झालेल्या मालावरील जीएसटीची वजावट कायद्याने मिळत नाही. आधी घेतली असल्यास ती परत करावी लागते. म्हणजे 18 टक्के कराचा 10 लाखांचा माल बुडाला, तर खरा खड्डा 11 लाख 80 हजारांचा. विम्याची रक्कम करासहित किमतीवर ठरविलेली नसेल, तर वरचे 1 लाख 80 हजार घरातूनच भरावे लागतात, तेही गल्ला बंद असलेल्या महिन्यात.