ओली राहणारी तार

ईसीजी काढताना छातीवर थंडगार जेल लावतात. अंगावर शहारा येतो, नंतर ते पुसत बसावं लागतं. पण त्याच्याशिवाय हृदयाची रेघ नीट उमटत नाही. शरीरातली वीज सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड या आयनांची, खारट पाण्यातून वाहणारी. यंत्राच्या तारेत मात्र इलेक्ट्रॉन धावतात. दोघांमध्ये दुभाषा हवा. ते काम जेल आणि इलेक्ट्रोडवरचा सिल्व्हर क्लोराइडचा थर मिळून करतात.

आता हेच जेल अंगावर दिवसभर वागवायच्या सेन्सरमध्ये आणायचं चाललं आहे. हायड्रोजेल म्हणजे काय, हे फालुद्यातला सब्जा पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको: लांबलचक रेणूंचं जाळं आणि त्यात अडकून बसलेलं पाणी. प्रागमध्ये ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लीम यांनी 1960 साली असं कृत्रिम जाळं जगापुढे मांडलं, त्यातूनच मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आल्या. या पाण्यात मीठ विरघळवलं की जेल वीज वाहू लागतं.

अडचण एवढीच, की जेली तुटते. 2012 साली हार्वर्डमधल्या संशोधकांनी त्यावर सुरेख तोड काढली. एकात एक दोन जाळी विणायची: एक समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटचं, कॅल्शियमने सांधलेलं, दुसरं पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचं. ताण आला की कॅल्शियमचे सांधे सुटत जातात आणि धक्का पचवतात, दुसरं जाळं सगळं धरून ठेवतं. जवळजवळ 90 टक्के पाणी असलेला हा पदार्थ मूळ लांबीच्या 20 पटींहून अधिक ताणला गेला!

ताणलेली पट्टी लांब होते आणि बारीकही. त्यामुळे लांबी दुप्पट झाली की विजेला होणारा रोध चौपट होतो. बोट वाकलं, घोट गिळला, मनगटावर नाडी उडाली, की आकडा हलतो. यात मोजण्याची सगळी किमया आहे.

आणि मग पाणी उडून जातं. उघडं जेल काही तासांत आक्रसतं, कडक होतं, आकडे भरकटतात. ग्लिसरीन किंवा लिथियम क्लोराइड मिसळून पाणी धरून ठेवता येतं. वरून रबराचा पातळ थर दिला तर ते टिकतं, पण खालचा घाम कोंडतो. माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे, ताणात नव्हे. जेल-पट्टी किती पट ताणली गेली, अशी बातमी वाचलीत, तर ती किती दिवस ओली राहिली, हेही तिच्यात जरूर शोधा.