पाळी आणि शाळा (लेखांक ४) : पाकीट पोचल्यावर

मागच्या लेखांकात नेपाळमधल्या छाउपडीविषयी, म्हणजे पाळीत बाईला घराबाहेर ठेवण्याच्या रूढीविषयी लिहिलं होतं. तिथे कायदा रूढीशी झगडतो आहे. या वेळी केनियाकडे जाऊ. पाळीच्या बाबतीत या देशाने फार लवकर पावलं उचलली, म्हणूनच तो कुठे अडला हे पाहण्यासारखं आहे.

केनियाने २००४ मध्ये सॅनिटरी पॅडवरचा मूल्यवर्धित कर काढला. आपल्याकडे पॅडवरचा १२ टक्के जीएसटी जायला २०१८ चा जुलै उजाडावा लागला. अर्थात, कर गेला म्हणून पॅड तेवढं स्वस्त होतंच असं नाही. आपल्या जीएसटीत तयार माल करमुक्त झाला, की कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट कारखानदाराला मिळत नाही. तो भार किमतीतच राहतो. शिवाय दुकानदाराने भाव उतरवायला हवा. टांझानियाने २०१८ मध्ये कर काढला आणि ग्राहकाला काहीच स्वस्त मिळालं नाही असं सांगत पुढच्याच वर्षी परत लावला. भाव उतरवले नाहीत व्यापाऱ्यांनी आणि सवलत गेली मुलींची! हा मला उघड अन्याय वाटतो.

केनिया मात्र पुढे गेला. २०१७ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष उहुरु केन्याटा यांनी शिक्षण कायद्यातल्या दुरुस्तीवर सही केली. सरकारी शाळेत नाव असलेल्या, वयात आलेल्या प्रत्येक मुलीला चांगल्या प्रतीचे, पुरेसे पॅड मोफत द्यायचे आणि वापरलेल्या पॅडची सुरक्षित विल्हेवाट लावण्याची सोयही करायची, असं त्यात आहे.

पुरेसे म्हणजे किती? पॅड चार ते सहा तासांनी बदलावं लागतं. दिवसाला चार धरले, तर आठांचं पाकीट दोन दिवसांत संपतं. पाळी चालते चार-पाच दिवस. आपल्याकडच्या अस्मिता योजनेतही जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत मिळणारं पाकीट आठांचंच होतं. उरलेल्या दिवसांत मुलगी एकच पॅड सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवते, नाहीतर कापडावर येते. कापड मुळात वाईट नाही. साबण-पाणी आणि उघडं ऊन मिळालं, तर ते उत्तम काम देतं. पण कुणाला दिसू नये म्हणून ते दुसऱ्या कपड्याखाली वाळत पडतं, दमटच राहतं आणि तसंच पुन्हा वापरलं जातं. मांड्या सोलवटतात, खाज सुटते, आणि त्याच पायांनी शाळेची वाट तुडवायची असते.

कायदा होऊन दोन वर्षं उलटल्यावर, २०१९ च्या सप्टेंबरात, बोमेट भागात एका शाळकरी मुलीच्या गणवेशाला डाग लागला. शिक्षकांनी तिला 'घाणेरडी' म्हणून वर्गाबाहेर काढलं, असं तिच्या आईने पत्रकारांना सांगितलं. त्या मुलीने जीव दिला. संतापलेले पालक शाळेवर चालून गेले. २०२३ मध्ये सिनेटर ग्लोरिया ओर्वोबा पांढऱ्या पँटवर डाग दिसत असताना सभागृहात आल्या, तर त्यांनाही कपडे बदलून या असं सांगण्यात आलं. सभागृहात आणि शाळेत दोन्हीकडे डाग लोकांना सोसवला नाही. पॅडच्या पाकिटाने एवढं बदलेल अशी अपेक्षाच आपण का ठेवली?

ठेवली, कारण पॅडवाटपाचं समर्थन वर्षानुवर्षं एकाच दाव्यावर चाललं आहे: पॅड नाही म्हणून मुली शाळा बुडवतात. एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्नटन या अर्थशास्त्रज्ञांनी नेपाळच्या चितवनमध्ये काही मुलींना पाळीचे कप दिले. पाळीपायी वर्षाकाठी शाळेचा एक दिवसही पुरता बुडत नव्हता, आणि कप मिळाल्यावरही हजेरी तशीच राहिली, असं त्यांच्या २०११ च्या निबंधात आहे. पुढे केनियाच्या किलिफी भागात १४० प्राथमिक शाळांमध्ये पाहणी झाली. काही शाळांत पॅड दिले, काहींत वयात येण्याविषयीचं शिक्षण, काहींत दोन्ही. हजेरी कुठेच वाढली नाही. ज्यांना शिक्षण मिळालं त्या मुलींची समज आणि स्वतःवरचा विश्वास मात्र वाढला.

हे निष्कर्ष पुढे करून 'मग पॅड हवेत कशाला?' असं विचारणारे भेटतात. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. हजेरीपटावर मुलगी हजर असते. पण डागाच्या धास्तीने ती बाकावरून उठत नाही, फळ्यापाशी जात नाही, मधल्या सुट्टीत खेळत नाही. हे कुठल्या रकान्यात भरणार? चितवनच्या मुलींनी कप आपणहून वापरला, त्यांचे कापडं धुण्याचे कष्ट वाचले. एवढं कारण मला पुरतं. पॅड द्यायचं ते मुलीला हवं आहे म्हणून. हजेरीचा बोजा त्यावर टाकू नये.

आणि दिल्यावर ते बदलायला जागा हवी. शाळेच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, बादलीत पाणी आहे का, वापरलेलं टाकायला झाकणाचा डबा आहे का, हे दर महिन्याला कुणीतरी जाऊन बघायला हवं. पाकिटं मोजणं सोपं असतं. कडी तुटल्याचं कुणी कळवत नाही. केनियाच्या कायद्यात विल्हेवाटीची जबाबदारीही लिहिलेली आहे, पण चर्चा अजून पाकिटांचीच होते.

त्या डब्यातलं पॅड पुढे कुठे जातं आणि कुणाच्या हाती लागतं, ते पुढच्या आठवड्यात. त्यासाठी पुण्याच्या कचरावेचक बायकांकडे जावं लागेल.