५०% चं टार्गेट पूर्ण झालं, मग जयगडचं धुराडं चालूच कसं?

आजचा भाग जरा आकड्यांचा आहे, पण घाबरू नका. हेडफोन लावा आणि डोळ्यांसमोर रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा आणा. आज तोच आपला फळा.

जुलै २०२५ मधली बातमी तुम्ही वाचली असेल. भारताच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी ५० टक्के क्षमता आता कोळसा, गॅस, तेल सोडून इतर स्रोतांची झाली. म्हणजे सौर, पवन, जल, अणू वगैरे. हे टार्गेट होतं २०३० चं, ते पाच वर्षं आधीच गाठलं. स्टेटसवर टाकण्यासारखीच बातमी! मग देशातली अर्धी वीज आता कोळशाशिवाय तयार होते का?

नाही. अजूनही साधारण सत्तर टक्के वीज कोळशाचीच आहे. बातमी खोटी नाही बरं का. गोम आहे ‘क्षमता’ या शब्दात.

मिरकरवाड्याच्या बंदरातल्या बोटीचं उदाहरण घ्या. बोटीत दहा टन मासळी मावते, म्हणून रोज दहा टन मिळतेच असं नाही ना? दहा टन ही क्षमता. संध्याकाळी जेट्टीवर जी उतरते, ती खरी मासळी. विजेचंही तसंच.

आता नकाशा बघा. चिपळूणजवळ पोफळी. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून इकडे येतं आणि डोंगराच्या आत बसवलेली यंत्रं फिरवतं. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट. पण पश्चिमेकडे किती पाणी वळवायचं, याला कृष्णा पाणीवाटप लवादाने मर्यादा घातली आहे: वर्षाला ६७.५ टीएमसी. त्यामुळे ही यंत्रं चोवीस तास पूर्ण ताकदीने चालवता येत नाहीत. विजेची मागणी वाढते त्या तासांसाठी पाणी राखून ठेवावं लागतं.

खाली गुहागर तालुक्यात अंजनवेल. हा एन्रॉनवाला दाभोळ प्रकल्प, आताचा रत्नागिरी गॅस. क्षमता १९६७ मेगावॅट, कोयनेपेक्षाही थोडी जास्त. पण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटला आणि बाहेरून आणलेला गॅस महाग. गॅस नाही तर वीज नाही. यंत्रं मात्र कागदावर पूर्ण क्षमतेने उभी!

आणि जयगड. इथे ३०० मेगावॅटचे चार संच, एकूण १२०० मेगावॅट. जहाजाने कोळसा येतो, दिवसरात्र जाळता येतो. सौर पॅनल रात्री झोपतं, ढग आले की सुस्तावतं. कोळशाला रात्र आणि ढग कळत नाहीत. म्हणून क्षमतेत निम्मा असलेला गट प्रत्यक्ष विजेत सत्तर टक्क्यांवर जातो.

एक छोटं गणित करू. कोळशाच्या एका युनिट विजेमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १२०० मेगावॅटचं केंद्र तासभर पूर्ण चाललं, तर १२ लाख युनिट. म्हणजे तासाला बाराशे टनांच्या आसपास.

आता दुसरं टार्गेट, जे त्याहून फसवं वाटतं. पॅरिस करारावेळी भारताने सांगितलं होतं की २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जनाची ‘तीव्रता’ ३३ ते ३५ टक्क्यांनी कमी करू. ऑगस्ट २०२२ मध्ये तो आकडा ४५ टक्के केला. २०२० पर्यंत ३६ टक्के घट झाल्याचं भारताने संयुक्त राष्ट्रांना कळवलंय.

तीव्रता म्हणजे काय? समजा आपल्याकडे आंब्याच्या पल्पचा एक कारखाना आहे. आधी १००० डबे भरायला बॉयलरला १०० लिटर डिझेल लागायचं. आता ३००० डबे भरतो आणि २०० लिटर लागतं. डब्यामागचं डिझेल एक तृतीयांशाने कमी झालं. पण धूर? दुप्पट! देशाच्या बाबतीत डब्यांच्या जागी जीडीपी ठेवा. तीव्रता कमी होते आणि एकूण उत्सर्जन वाढतं, दोन्ही एकाच वेळी खरं.

मग ही चलाखी आहे का? मला तसं वाटत नाही. २०२० साली भारताचं एकूण उत्सर्जन सुमारे २९६ कोटी टन होतं, त्यातला तीन चतुर्थांश भाग ऊर्जेचा. चीन आणि अमेरिकेनंतर आपलाच नंबर. पण माणशी काढलं तर वर्षाला जेमतेम दोन टन कार्बन डायऑक्साइड. अमेरिकेत हाच आकडा १४ टनांच्या घरात. ज्यांच्या घरात अजून फ्रीज नाही, त्यांना ‘वीज कमी वापरा’ कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून भारत म्हणतो: वाढू द्या, पण कमी धुरात वाढू. आणि २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढं सोडू तेवढंच शोषून घेऊ. आज तुम्ही विशीत असाल, तर तेव्हा पासष्टीत असाल.

पण या टार्गेटचा हिशेब दिल्लीत होतो आणि जमीन लागते ती गावात. जैतापूरला सहा अणुभट्ट्यांचा प्रस्ताव आहे. कार्बनच्या वहीत तो चांगला दिसतो, कारण अणुभट्टीतून धूर नाही. २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुऊर्जेचं ध्येयही जाहीर झालंय. पण माडबनचा शेतकरी आणि साखरी नाट्याचा मच्छीमार विचारतो: जमिनीचं काय, समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याचं काय? २०११ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. हा प्रश्न कार्बनच्या वहीत कुठल्याच रकान्यात बसत नाही.

म्हणून पुढच्या वेळी हवामान टार्गेटची बातमी आली की तीन गोष्टी विचारा. आकडा क्षमतेचा की प्रत्यक्ष विजेचा? एकूण धुराचा की जीडीपीमागच्या धुराचा? आणि हे साध्य करताना कोणाचं काय जाणार, त्याला कोणी विचारलं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तर तुमच्या मोबाइलवरच मिळेल. कुठल्या केंद्रात काल किती वीज तयार झाली, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरण रोज जाहीर करतं. त्यात कोयना, रत्नागिरी गॅस आणि जयगड शोधा, क्षमतेचा आकडा शेजारी ठेवा आणि काय दिसलं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!