हजेरीपुस्तकातले तास आणि वैमानिकाची झोप

17 ऑगस्ट 2023 रोजी नागपूर विमानतळावर एक वैमानिक विमानात चढण्यापूर्वीच कोसळला आणि मरण पावला. वय अवघे चाळीस. आदल्या दिवशी पहाटे तीन ते सात तो त्रिवेंद्रमहून पुणेमार्गे नागपूरला विमान घेऊन आला होता. त्यानंतर 27 तास विश्रांती मिळाली होती, म्हणजे कागदावर सारे नियमात होते. मृत्यू थकव्यानेच झाला असे आपण म्हणू शकत नाही. पण पहाट जागून काढलेल्या माणसाची त्या 27 तासांत खरी झोप किती झाली असेल?

आम्ही कारकून मंडळी हजेरीपुस्तक भरतो. त्यात तास दिसतात, माणूस दिसत नाही. मुकुटबन भागात खाणीत, सिमेंट कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्यांच्या घरी विचारा. दिवसा आठ तास पडून राहिले तरी डोळा लागत नाही, हे तिथली बाईच सांगेल.

वैमानिकांच्या विश्रांतीचे भांडण जुने आहे. 2007 मध्ये केलेले नियम सरकारने मे 2008 मध्ये स्थगित ठेवले आणि 1992 चे परिपत्रक पुन्हा लागू केले. वैमानिकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, हरल्या. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही त्यांना यश आले नाही. पुढे दिल्ली उच्च न्यायालयात लढा झाला आणि 2025 मध्ये नवे नियम दोन टप्प्यांत आले. आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 तास झाली, रात्री विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. डिसेंबर 2025 मध्ये वैमानिक अपुरे पडून एका मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा त्या कंपनीला तात्पुरती सूट दिली गेली. कंपनीची अडचण सरकारला लगेच दिसली!

अशा खटल्यात स्वतः विमान चालवलेला वकील वेगळे प्रश्न विचारतो. कामाचे तास हजर झाल्यापासून धरले की चाक जमिनीवरून उचलल्यापासून? प्रवासी म्हणून बसवून दुसऱ्या गावी नेले, तो वेळ कुठे लिहिला? त्या दिवसाचे चौथे उतरणे पहाटे पाचला होते काय? पुस्तक वाचून आलेल्या वकिलाला हे विचारावे असे सुचेलच असे नाही; पहाटे धावपट्टीचे दिवे पाहताना ज्याची मान कलली असेल, त्याला सुचते. अमेरिकेत तर वैमानिक वकिलांची स्वतंत्र संघटनाच आहे.

आपली मुले वकिली शिकतात ती बहुतेक दिवाणी-फौजदारीसाठी. खासगी वैमानिक परवान्याला किमान 40 तास उड्डाण लागते, व्यावसायिक परवान्याला 200. गोंदियाजवळ बिरसी येथे प्रशिक्षण संस्था आहे. खर्च मात्र लाखांच्या घरात, तो कारकुनाच्या पगारात बसत नाही. तोवर खाणकामगाराच्या मुलाने निदान बापाच्या पाळ्यांची वही नीट वाचायला घ्यावी. उलटतपासणीचा सराव तिथेही होतो.