गोठणाऱ्या ऊतीतील उष्णतेचे मापन

प्रत्यारोपणासाठी राखलेली ऊती द्रवरूप नायट्रोजनच्या, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअस, तापमानापर्यंत नेताना पृष्ठभाग आधी थंड होतो व गाभा मागे राहतो; ही तफावत किती वाढेल आणि तिच्या ताणाने ऊतीला तडे जातील का, हे बऱ्याच अंशी औष्णिक वाहकतेवर, म्हणजे पदार्थातून उष्णता किती सहज वाहते हे सांगणाऱ्या गुणधर्मावर, अवलंबून असते. ऊतीत पाण्याचा वाटा मोठा असल्याने ती गोठताना हा गुणधर्म झपाट्याने बदलतो: शून्य अंशाजवळ पाण्याची वाहकता सुमारे ०.५६ वॉट प्रति मीटर प्रति केल्विन, तर बर्फाची सुमारे २.२ असते आणि तापमान उतरेल तशी बर्फाची आणखी वाढते. त्यामुळे शरीराच्या तापमानाला मोजलेला आकडा येथे लागू करणे सरळसरळ चुकीचे आहे.

मापनाच्या तप्त-तार पद्धतीत विद्युतरोधक लेप दिलेली, केसाहून बारीक प्लॅटिनमची तार नमुन्यात ठेवून तिच्यातून स्थिर वीजप्रवाह सोडतात. तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो व त्यावरूनच तिचे तापमान कळते, म्हणून वेगळा तापमापक लागत नाही. तापमानवाढ काळाच्या लॉगरिदमसमोर मांडल्यास जवळपास सरळ रेषा मिळते, आणि तिचा चढ जितका कमी तितकी वाहकता अधिक. खरी अडचण गोठणबिंदूच्या लगत येते, कारण तारेची उष्णता तेथे बर्फ वितळवण्यात खर्ची पडून आकडा फसवा निघतो.

डायमिथाइल सल्फॉक्साइडसारखे शीतसंरक्षक द्रव्य मुरवून ऊती स्फटिकांविना काचेसारखी घट्ट केली, तर बर्फामुळे होणारी इजा टळते, पण वाहकता बर्फापेक्षा बरीच कमी राहते. मोठे अवयव असे साठवणे अजून अवघड असण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.