कोठार आणि सराई

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, विल्टशायर व सॉमरसेट या परगण्यांच्या हद्दीजवळ, परस्परांपासून अवघ्या काही मैलांवर मध्ययुगातील दोन इमारती अद्याप सुस्थितीत उभ्या आहेत : ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन येथील धान्याचे कोठार आणि नॉर्टन सेंट फिलिप येथील ‘जॉर्ज इन’ ही सराई. राजप्रासाद आणि कॅथीड्रल यांच्या कीर्तीपुढे असल्या कामकाजी वास्तूंकडे प्रवाशांचे सहसा लक्ष जात नाही. परंतु त्या काळच्या सुताराची व गवंड्याची बुद्धिमत्ता निखळ स्वरूपात पाहावयाची असेल, तर ती येथेच पाहावी, कारण येथील प्रत्येक आकार कोणत्या ना कोणत्या कामातून जन्मास आला आहे.

चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले हे कोठार शाफ्ट्सबरी येथील संन्यासिनींच्या धनाढ्य मठाच्या मालकीचे होते; त्याची लांबी 168 फूट, रुंदी 33 फूट आणि खण चौदा. भरलेली गाडी थेट आत यावी म्हणून दरवाजे उंच ठेवले आहेत, आणि त्यांच्या समोरासमोर दुसऱ्या भिंतीत दरवाजे ठेवून मधल्या जागेत खळे केले आहे. मळणी झाल्यावर दोन्हीकडची दारे उघडली की आरपार वाहणाऱ्या वाऱ्यावर उफणणी होई, आणि दाणा खाली पडून भूस उडून जाई. छपरावरील दगडी कौलांचे वजन सुमारे 100 टन. तरीही आत एकही खांब नाही, कारण भिंतीच्या मध्यावरून निघालेल्या बाकदार ओकच्या जोड्या वर आढ्याकडे झुकत जाऊन तो सारा भार भिंतींवर उतरवितात.

सराईची मालकी हिंटन येथील कार्थूशियन पंथाच्या मठाकडे होती. 1232 साली स्थापन झालेल्या या मठाचे उत्पन्न मुख्यतः लोकरीचे. म्हणून वाटसरूंच्या मुक्कामाबरोबरच मालाच्या साठवणुकीचीही सोय या इमारतीत करण्यात आली. तळमजला दगडी असून मध्यभागी गाड्या आत घेण्यासाठी रुंद कमान आहे. वरचे पंधराव्या शतकातील दोन मजले लाकडी सांगाड्याचे असून, प्रत्येक मजला खालच्याच्या पुढे आलेला आहे. त्यामुळे जागा तर वाढतेच, शिवाय पुढील भिंतीचे वजन तुळयांच्या टोकांवर पडल्याने मधल्या जमिनीचा भारही तोलला जातो.

दोन्ही ठिकाणचे सुतारकाम एकाच परंपरेतील आहे. ओक ओला असतानाच तासावा, एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खोबणीत बसवावी, आणि आरपार छिद्र पाडून त्यात ओकचीच खुंटी ठोकावी, अशी ही रीत. लाकूड वाळताना आकसते, वाकडेही होते, परंतु खुंट्यांनी जखडलेला सांधा सुटत नाही.

आठव्या हेन्रीच्या अमलात, 1539 साली, हे दोन्ही मठ खालसा झाले. शाफ्ट्सबरीच्या मठमंदिराचा आज केवळ पाया उरला आहे; कोठार व सराई मात्र वाचली, कारण मालक बदलले तरी पीक ठेवण्याची व वाटसरूला उतरण्याची गरज बदलली नाही. वास्तूचे खरे रक्षण तिच्या उपयोगाने होते, हा या इमारतींचा निर्वाळा आहे. जवळचे बाथ शहर पाहण्यास जाणाऱ्या मराठी प्रवाशाने एक दिवस त्यांच्यासाठी अवश्य राखून ठेवावा, आणि कोठारात शिरताच प्रथम मान वर करून छप्पर पाहावे.